वरच्या ओठाची खूण

सकाळी पावणेआठला, अकरा नंबरच्या खाटेवर, दादाचा वरचा ओठ हलला नाही. गालफुग्याचा हात तिथंच नाकाखाली थांबला.

साबणाचा फेस लावलेला, रेझर टेकवलेला, आणि समोर सख्खा थोरला भाऊ. चौऱ्याहत्तर वर्षांचा, डोळे टक्क उघडे, बघतोय नीट. पण ओठ जिथल्या तिथं. गालफुग्यानं रेझर उचलून परत टेकवला. काही नाही. हनुवटीखाली गेला तर हनुवटीही वर आली नाही. पोत्याचं तोंड उचलावं तशी ती बोटांनी उचलावी लागली.

परक्या माणसाला यात काहीच दिसलं नसतं. गालफुग्याला मात्र दिसलं. गेल्या एकतीस वर्षांत त्यानं जे पाहिलं होतं, ते खरं मानायचं तर उद्या संध्याकाळपर्यंत दादा कुणाला ओळखणार नव्हता.

हे प्रकरण काय आहे ते कळायला जरा मागं जावं लागेल.

गालफुग्या हा इस्पितळाचा न्हावी. खरं नाव हजेरीपुस्तकापुरतं. दिवसाला चाळीस वेळा ‘गाल फुगवा, गाल फुगवा’ म्हणणाऱ्या माणसाला नर्सांनी दुसरं काय नाव ठेवायचं? डॉक्टर लोक काका म्हणत, आणि आयसीयूच्या मोठ्या सिस्टर नुसतंच ‘गालफुगे’ म्हणत, जणू सात पिढ्यांचं आडनाव.

माणूस मूळचा लहानशा गावचा. चौदाव्या वर्षी दुकानात शिकायला बसला तेव्हा उस्तादानं एका फुग्याला फेस फासून हातात दिला आणि म्हणाला, याची दाढी कर, फुटला तर घरी जा. तीन आठवडे फुगे फुटत राहिले आणि गडी काही घरी गेला नाही. फुगे फुटायचे थांबल्यावर पहिलं जिवंत गिऱ्हाईक म्हणून दादाला खुर्चीत बसवलं, आणि दादाच्या कानाची पाळी कापली. दादा सुतार. त्या दिवसापासून त्यानं स्वतःची दाढी स्वतःच केली, रंधा मारायच्या बाकासमोर खिळ्याला टांगलेल्या आरशात बघून. भेटेल त्याला कान दाखवून सांगायचा, की माझा गळा वाचला तो एवढ्यासाठीच, कान वाटेत आडवा आला.

पुढं गालफुग्या इस्पितळात लागला. आयसीयूत पडलेल्या माणसाला दाढी कशाला, असं सगळेच विचारतात. ती हौस नव्हे. प्राणवायूचा मास्क खुंटांवर घट्ट बसत नाही, कडेनं वारा गळतो. नळ्या धरून ठेवणारी चिकटपट्टी चिकटत नाही. म्हणून अठरा खाटांच्या त्या खोलीत रोज सकाळी, अंग पुसून झाल्यावर आणि डॉक्टरांची फेरी यायच्या आत, गालफुग्याची फेरी व्हायची. बहुतेक माणसं सत्तरीच्या पुढची. फुप्फुसात पू झालेली, मांडीचं हाड मोडलेली, हृदय थकलेली. मास्क दोन मिनिटं बाजूला, नाकाला बारीक नळी, आणि तेवढ्यात तोंड साफ.

आता गंमत अशी, की जन्मभर दाढी केलेला माणूस न्हाव्याचं निम्मं काम स्वतःच करतो. पातं नाकाखाली आलं की वरचा ओठ आपोआप खाली दातांवर ताणला जातो. गालावर आलं की जीभ आतून गालाला टेकू देते. गळ्याशी आलं की हनुवटी वर. हे कुणी शिकवत नाही आणि आपण करतो हे करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अर्धवट झोपेतला, तापानं फणफणलेला म्हाताराही करतो. पण गालफुग्याला केव्हातरी लक्षात आलं, की एखादा माणूस टक्क जागा असतो, नाव विचारलं तर सांगतो, नातवंडं मोजून दाखवतो, आणि पातं नाकाखाली गेलं की त्याचा ओठ मात्र ढिम्म हलत नाही. आणि असा माणूस त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी भरकटतो. नर्सला बहिणीच्या नावानं हाक मारतो, छतावर मुंग्या चालताना बघतो, मानेत घातलेली सुई उपटायला जातो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणत. वॉर्डात ‘भरकटला’ एवढंच म्हणत. भरकटलेला म्हातारा घरी उशिरा जातो, कधीकधी जातच नाही, आणि गेला तरी पहिल्यासारखा राहील याचा भरवसा नसतो.

म्हणून गालफुग्यानं एक रीत पाडली होती. ज्याचा ओठ हलला नाही त्याच्या खाटेच्या पायथ्याशी तो दाढीचा ओला टॉवेल टाकून ठेवायचा. मोठ्या सिस्टर काय ते समजायच्या. बोलणं नाही, चालणं नाही.

ही रीत वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. मग टक्केबाई आल्या.

टक्केबाई म्हणजे चष्मा लावणाऱ्या, काडीसारख्या बारीक अशा तरुण डॉक्टर. म्हातारा माणूस आयसीयूत आला की पहिल्याच दिवशी त्या त्याचा एक तक्ता भरत. वय किती, ऐकू येतं का, चष्मा आहे का, घरी विसरभोळेपणा होता का, औषधं कुठली चालू, रक्तातले आकडे काय. मग कॉम्प्युटर सांगायचा, की हा भरकटण्याचा धोका शेकडा साठ, याचा शेकडा वीस. आधी कळलं तर आधी सावरता येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा अंदाज दहात सात वेळा बरोबर यायचा, आणि उरलेल्या तीनपायी त्यांना जेवण गोड लागत नसे. स्वभावच तसा. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागं का, हेसुद्धा त्यांनी तीन माणसांना विचारून शोधलं होतं.

त्यांनी टॉवेल पाहिला आणि विचारलं, हा इथं का? मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तो गालफुग्यांचा. एवढ्यावर दुसरा कुणी गप्प बसला असता. टक्केबाई मात्र वही घेऊन तीन आठवडे रोज सकाळी गालफुग्याच्या मागं उभ्या राहिल्या. प्रश्नांवर प्रश्न. कवळी काढून ठेवलेली असेल तर? गालफुग्या म्हणाला, बिनदाताचा तर जास्तच ताणतो, ओठ पार आत जातो. आणि मिशी ठेवणारे? त्यांची हनुवटी बघायची. आणि बायका? इथं मात्र गालफुग्याची गाडी अडली. एकतीस वर्षांत निम्म्या खाटा त्यानं नुसत्या ओलांडल्या होत्या. बायकांचं मला काय ठाऊक, म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला त्याचं नवल वाटलं.

तीन आठवड्यांनी टक्केबाईंनी त्याला हात धुवायच्या बेसिनपाशी गाठलं. नऊ टॉवेल पडले होते. नऊपैकी आठ जण भरकटले. गालफुग्याची छाती फुगायला लागली होती, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “काका, टॉवेल पडला की दुपारच्या आत त्या माणसाचे हात खाटेला बांधले जातात, हे तुम्हाला माहीत आहे?”

त्याला माहीत नव्हतं. दाढ्या आटपून तो नऊ वाजता खाली जायचा.

“मऊ पट्ट्या असतात,” त्या म्हणाल्या. “पण म्हाताऱ्या माणसाचे हात बांधले की धडधाकट डोकंसुद्धा भरकटतं. मग खरा कोण ठरला? तुमचा ओठ, की टॉवेल?”

मोठ्या सिस्टरना विचारलं तर त्या आडपडदा न ठेवता हो म्हणाल्या. एका म्हाताऱ्यानं मानेतली नळी उपटली होती आणि जमिनीवरचं रक्त त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं होतं. तुम्ही तक्ते भरता, मला अठरा माणसं सांभाळायची असतात, म्हणाल्या. गालफुग्यांनी इशारा दिला आणि मी हातावर हात ठेवून बसले, तर उद्या जबाब कोण देणार?

गालफुग्या घुश्श्यातच घरी गेला. बायकोला सगळं सांगितलं, टक्केबाई किती आगाऊ आहे तेही सांगितलं. बायको गवारीच्या शेंगा मोडत होती. तिनं एवढंच विचारलं, “एकतीस वर्षांत किती जणांना बांधलं असेल?” त्यावर त्यानं ताट घ्यायला सांगितलं आणि घास चिवडत बसला.

दुसऱ्या दिवशी टक्केबाईंनी तोड काढली. चाळीस दिवस टॉवेल बंद. ज्याचा ओठ हलला नाही त्याच्या खाटेचा नंबर गालफुग्यानं चिठ्ठीवर लिहायचा आणि एका रिकाम्या हातमोज्यांच्या खोक्यात टाकायचा. खोकं चिकटपट्टीनं बंद, वर फट. बघायचं कुणी नाही, सांगायचं कुणाला नाही. नर्सांनी रोज दोनदा करायची तपासणी करत राहायची. ‘मी क म्हटलं की माझा हात दाबा’, ‘दगड पाण्यावर तरंगतो का?’ असले त्यातले प्रश्न ऐकून काही म्हातारे नर्सचीच काळजी करायचे. आणि हात बांधायचे ते कुणी खरोखर नळी ओढायला लागला तरच. मोठ्या सिस्टर कुरकुरत कबूल झाल्या.

एकवीस दिवस असे गेले. एकविसाव्या दिवशी संध्याकाळी दादाला आणलं. न्युमोनिया. पहिल्या सकाळी गालफुग्यानं फेस लावला तसा दादा मास्कच्या कडेनं पुटपुटला, बारक्या, कान सोडून बोल. ओठ कसा ताणला, हनुवटी कशी वर केली, झकास. गालफुग्या मनात हसला.

आणि तेविसाव्या सकाळी हे असं.

त्यानं फेस पुसला. खिशातून चिठ्ठी काढली, अकरा लिहिलं आणि खोक्यापाशी उभा राहिला. आत टाकली तर ती चाळिसाव्या दिवशी निघणार. मोठ्या सिस्टरना सांगितलं तर त्यांना राहवणार नाही, पट्ट्या निघतील. दादाच्या मानेत सुई होती. नर्सनं दगडाचं विचारलं तर दादा म्हणाला, बुडतो. हात दाबायला सांगितला तर दाबला. टक्केबाईंचा तक्ता म्हणत होता, धोका शेकडा बावीस. सगळं जग म्हणत होतं दादा ठीक आहे, आणि एकटा ओठ म्हणत होता नाही.

तो चिठ्ठी हातात घेऊन टक्केबाईंकडं गेला.

त्यांनी नंबर बघितला, वहीत त्या खाटेसमोरचं आडनाव बघितलं. “दुसरं कुणी असतं तर आला असता?”

“नाही,” गालफुग्या म्हणाला. “अकरा चिठ्ठ्या टाकल्या मॅडम, आणि गप्प बसलो. भाऊ आहे म्हणून आलो.”

टक्केबाईंनी टेबलावरची कात्री घेऊन खोकं फाडलं. चाळीस दिवसांची त्यांची मांडामांड तेविसाव्या दिवशी मोडली, आणि मोडली ती त्यांनीच. चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या, वहीशी ताडून पाहिल्या. अकरापैकी सहा भरकटले होते, पाच नाही. ज्यांची चिठ्ठी पडली नव्हती अशा बेचाळीस जणांत पाच भरकटले होते.

“म्हणजे?” गालफुग्यानं विचारलं.

“म्हणजे ओठाला काहीतरी कळतं. पण नवातले आठ होत होते ते सगळे ओठामुळं नाही. थोडे आपण घडवत होतो.” त्या चिठ्ठ्यांकडं बघत राहिल्या. “आणि या सहांना मी नुसती मोजत बसले.”

ते सहा सगळेच गालफुग्याच्या हाताखालून गेलेले. चार नंबरचा ट्रकवाला घरी गेला होता, पण अजून बायकोला वहिनी म्हणतो असं कळलं होतं.

मोठ्या सिस्टरना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा हात सवयीनं पट्ट्यांच्या कप्प्याकडं गेला. टक्केबाई म्हणाल्या, बांधायचं नाही, शोधायचं. ओठ ढिला पडला त्याला काहीतरी कारण असेल, काल ताणला जात होता आणि आज नाही, मग रात्रीत काय बदललं? सिस्टर म्हणाल्या, ठीक आहे, पण एका अटीवर. दिवसभर या गालफुग्यांनी भावाजवळ बसायचं. सुईकडं हात गेला तर पहिली हाक मला.

मग तिघं अकरा नंबरवर तुटून पडले. मोठ्या सिस्टरनी कप्पा उघडला तर ऐकायचं यंत्र कागदात गुंडाळून ठेवलेलं. आला त्या रात्री काढलं ते परत कुणी लावलंच नव्हतं. मग दादा नर्सना उत्तरं कशी देत होता? गालफुग्या म्हणाला, तोंडाकडं बघून. करवतीच्या आवाजात जन्म गेला, ओठ वाचायची सवय आहे त्याला. औषधांच्या कागदावर झोपेची गोळी दोन रात्री लागोपाठ दिलेली, घरी कधीच न घेणाऱ्या माणसाला. टक्केबाईंनी खोडली. आणि पोट बघताना बेंबीखाली हात दाबला तसा दादानं तोंड वेडंवाकडं केलं. लघवीची नळी काल दुपारी काढली होती, त्यानंतर झाली का, किती झाली, कुणीच मोजलं नव्हतं. सोनोग्राफीचं लहान यंत्र लावलं तर मूत्राशय कलिंगडासारखं टच्च. मोकळं केल्यावर दादानं जो सुस्कारा टाकला तो मास्कमधूनही पलीकडच्या खाटेपर्यंत गेला. मोठ्या सिस्टर तोंडातल्या तोंडात स्वतःलाच काहीतरी म्हणाल्या.

“दुखत होतं तर सांगायचं नाही का?” गालफुग्यानं विचारलं.

“कुणाला? सगळे दगडाचं विचारतात,” दादा म्हणाला.

खाट खिडकीकडं वळवली, डोळ्यांवर चष्मा, कानात यंत्र, समोर घड्याळ. गालफुग्या स्टुलावर बसला. एवढा वेळ नुसतं बसून राहायची त्याला सवय नव्हती. हातांना काम नाही म्हणून तो दादाची नखं काढत बसला. दादा मध्येच डुलक्या घ्यायचा, मध्येच जागा व्हायचा. घरचा विषय निघाला की बोलायचा, नाहीतर छताकडं बघायचा. छताकडं बघितलं की गालफुग्या पण वर बघायचा, मुंग्या नाहीत ना.

तीनच्या सुमाराला दादानं चादरीवर वीत टेकवली. एक, दोन, तीन. चौथी अर्ध्यात थांबली. “ही फळी चार बोटं आखूड पडतेय,” तो म्हणाला.

गालफुग्यानं नखं काढणं थांबवलं. “दादा, फळी कुठाय?”

दादा त्याच्याकडं बघत राहिला. कितीतरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “चादर रे. पाय उघडे पडतात. कुणी शिवली ही?”

चादर आखूड होतीच. पण दादा कुठंतरी जाऊन परत आला होता, का पहिल्यापासून चेष्टाच करत होता, हे गालफुग्याला काही केल्या उमगेना. ज्या माणसानं पन्नास वर्षं भावाची थट्टा केली, त्याची थट्टा कुठं संपते हे ओळखायचं कसं? त्यानं टक्केबाईंना सांगितलं. त्यांनाही सांगता येईना. त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं, वितींसकट.

पाचला नर्स तपासणीला आली आणि दगडाचं विचारलं.

“सकाळीही हेच विचारत होता,” दादा म्हणाला. “दिवसभरात कुणी टाकून बघितला नाही का?”

रात्री दादाजवळ बसायची पाळी त्याच्या मुलीनं केली. सकाळी गालफुग्या आला तो आधी अकरा नंबरकडं, बाकीच्या खाटा ओलांडून. फेस लावला. पातं नाकाखाली नेलं. दादाचा ओठ लगेच नाही ताणला. गालफुग्यानं पातं तसंच टेकवून ठेवलं. मग हळूच, जुनं दार सरकावं तसा, ओठ खाली आला. हनुवटी निम्मीच वर झाली, पण स्वतःहून झाली. मानेतल्या सुईला दादानं हातही लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याला वरच्या मजल्यावरच्या साध्या वॉर्डात हलवलं, आणि जाताना तो खाटेच्या चाकांची जोडणी कशी सदोष आहे ते ढकलणाऱ्याला समजावत गेला.

राहिली ती चिठ्ठी. अकरा नंबरची, तेविसाव्या दिवसाची.

टक्केबाईंनी ती वहीवर ठेवली आणि विचारलं, ही कुठल्या ढिगात टाकायची? गालफुग्या म्हणाला, चुकीच्या. ओठ म्हणाला भरकटणार, माणूस भरकटला नाही, मी चुकलो. असं चुकताना त्याला बरं वाटत होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, काय बोलता, लघवी तुंबलेली, गोळी चढलेली, कान बंद. तसाच ठेवला असता तर दुपारीच गेला असता वाहून. बरोबरच्या ढिगात टाका. गालफुग्या म्हणाला, पण ज्या अकरांना आपण काहीच केलं नाही त्यातलेही पाच जण ठीकच राहिले की. दादा सहावा असेल.

टक्केबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. “दोन्ही खरं असू शकतं. एका माणसावरून कळणार नाही.” त्यांनी चिठ्ठी दोन्ही ढिगांच्या मध्ये ठेवली. मग वहीत नवीन पान काढून वर लिहिलं: ‘काळजी घेणाऱ्या हाताला माणूस साथ देतो का.’ खाली दोन रकाने आखले, पुरुष आणि बाया. बायांच्या रकान्यासमोर त्या पेन्सिल चावत बसल्या. शेवटी सकाळी बायांचे केस विंचरणाऱ्या आयाला बोलावून विचारलं, तुमच्या हाताला काही वेगळं लागतं का? ती म्हणाली, लागतं की. बरी असलेली बाई कंगवा ओढला की त्या बाजूला मान देते. एखादी देत नाही, बाहुलीसारखी बसते. त्यानंतर तिचं पुढं काय होतं ते मी कधी बघितलं नाही. माझा तेल-कंगवा झाला की मी खाली.

गालफुग्यानं मान डोलावली. त्याचंही तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाढ्या आटपत असताना मोठ्या सिस्टर स्वतःहून त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. “आज कोण?” त्यांनी विचारलं.

“सहा नंबर,” गालफुग्या म्हणाला.

टक्केबाई आल्या. चष्मा बघितला, होता. कान बघितले, ठीक. पोट मऊ. औषधांचा कागद दोनदा वाचला, रक्ताचे आकडे पाहिले, ताप नाही, झोप झालेली. कप्पा उघडला, त्यात एक कंगवा आणि मोज्यांची जोडी. काहीच सापडेना. सहा नंबरचा म्हातारा मास्कच्या आतून तिघांकडं बघत होता, आणि तिघं त्याच्याकडं.

“परत पहिल्यापासून,” टक्केबाई म्हणाल्या, आणि मोठ्या सिस्टरनी म्हाताऱ्याच्या पायांवरची चादर वर केली.